सुपर टॉप-अप मेडिक्लेम: निवृत्तांच्या कामाची वस्तू, पण डिडक्टिबलचं कलम वाचल्याशिवाय नको

निवृत्तीच्या दिवशी बहुतेकांच्या कपाटात तीन किंवा पाच लाखांची एक जुनी मेडिक्लेम असते. काढली तेव्हा ती भरपूर वाटली होती. आज पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात बायपास झाली किंवा न्यूमोनियात आठ दिवस व्हेंटिलेटर लागला, की ती रक्कम एकाच बिलात संपते आणि वर्षाचे उरलेले महिने रामभरोसे. तीच पॉलिसी पाचाची पंधरा लाख करायला जावं, तर पासष्टीनंतरचा हप्ता पेन्शनीला झेपत नाही, आणि वाढवलेल्या रकमेला प्रतीक्षा काळ, म्हणजे काही आजारांचा क्लेम मिळत नाही ती सुरुवातीची वर्षं, नव्याने लागतो तो वेगळाच. या अडचणीवर बाजारात जी वस्तू मिळते ती सुपर टॉप-अप, म्हणजे एका ठरीव रकमेच्या वरचा खर्च देणारी दुसरी पॉलिसी.

मत आधीच सांगतो. मूळ पॉलिसी चालू असेल, तर खर्चाच्या मानाने याहून चांगलं पूरक कव्हर निवृत्त माणसाला मिळत नाही. पण ही वस्तू एकटीने काम करणारी नाही. ती मूळ पॉलिसीच्या खांद्यावर उभी असते. दोघींचे सांधे जुळले नाहीत, तर नेमक्या मोठ्या बिलाच्या वेळी मधली फट आपल्या खिशातून भरावी लागते. म्हणून इथे कंपनीच्या माहितीपत्रकातल्या फुलांपेक्षा त्या सांध्यांबद्दलच जास्त लिहिलं आहे.

स्वस्त का, आणि कोणासाठी नाही

हप्ता कमी असण्यात कसलीही मेहेरबानी नाही. डिडक्टिबल म्हणजे वजावट: अमुक रकमेपर्यंतचा खर्च कंपनी पाहणार नाही, त्याच्या वरचा देईल. मोतीबिंदू, डेंग्यू, हर्निया, मनगटाचं फ्रॅक्चर ही बिलं सहसा पाच लाखांना शिवत नाहीत, त्यामुळे पाच लाखांच्या डिडक्टिबलखाली ती सगळी गळून पडतात. कंपनीच्या वाट्याला येतात ती फक्त मोठी दुखणी. मोतीबिंदूसाठी किंवा दर महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी विमा हवा असेल, तर हे घेऊ नये, पैसे वाया जातील. याचा उपयोग कर्करोग, बायपास, पक्षाघात, दोन्ही गुडघे, लांबलेलं आयसीयू अशा वेळी होतो.

‘सुपर’ या शब्दाची किंमत

साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत फरक एकच आहे, पण तो सगळं ठरवतो. साध्या टॉप-अपमध्ये डिडक्टिबल प्रत्येक क्लेमला वेगळं लागतं. सुपर टॉप-अपमध्ये ते वर्षभराच्या एकूण खर्चाला एकदाच लागतं. समजा मूळ पॉलिसी पाच लाखांची, वरच्या पॉलिसीचं डिडक्टिबलही पाच लाख. एप्रिलमध्ये बायपासचं बिल ३,८०,०००. नोव्हेंबरमध्ये खुबा मोडला, त्याचं २,९०,०००. एकूण ६,७०,०००. मूळ पॉलिसी पहिलं बिल पूर्ण देईल, दुसऱ्यातले १,२०,००० देईल आणि संपेल. उरले १,७०,०००. सुपर टॉप-अप ते देईल. साधा टॉप-अप एक रुपयाही देणार नाही, कारण दोन्ही बिलं स्वतंत्रपणे पाच लाखांच्या आतच आहेत. म्हातारपणी एका वर्षात दोनदा भरती होणं ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे, त्यामुळे साध्या टॉप-अपचा विचार निवृत्तांनी सोडूनच द्यावा.

पाकिटावरच्या नावावर मात्र जाऊ नका. न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या पॉलिसीचं नाव ‘टॉप-अप मेडिक्लेम’ असलं तरी तिची ५ किंवा ८ लाखांची मर्यादा वर्षभराच्या एकत्रित खर्चाला लागते, म्हणजे नाव टॉप-अप आणि काम सुपर टॉप-अपचं. उलट स्टार हेल्थच्या ‘सुपर सरप्लस’मध्ये सिल्व्हर आणि गोल्ड असे दोन प्रकार आहेत. सिल्व्हरचं डिडक्टिबल दर क्लेमला, गोल्डचं वर्षाच्या एकूण खर्चाला. नाव दोघांचं एकच असल्यामुळे ‘सुपर आहे ना, मग झालं’ म्हणून सिल्व्हर घेणारे फसतात. पॉलिसीच्या मसुद्यात डिडक्टिबलच्या व्याख्येशी ‘ॲग्रिगेट’, म्हणजे एकत्रित, हा शब्द आहे का, एवढं स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. एजंटने तोंडी दिलेली खात्री क्लेमच्या वेळी कामाला येत नाही.

डिडक्टिबलमध्ये काय मोजतात

इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. रुग्णालयाचं बिल पाच लाख साठ हजार झालं म्हणजे साठ हजार मिळतील, असा हिशेब लोक मांडतात. कंपनी आधी बिलातून न देण्याजोग्या गोष्टी काढते आणि उरलेली रक्कम पाच लाखांशी ताडून पाहते. ग्लोव्ह्ज, मास्क, डायपर, नोंदणी शुल्क अशा ६८ बाबींची एक प्रमाणित यादीच आहे, ज्यांचे पैसे विमा कंपन्या सहसा देत नाहीत. अशा वस्तूंचे चाळीस हजार निघाले, तर ग्राह्य खर्च ५,२०,००० उरतो आणि वरच्या पॉलिसीकडून वीस हजार मिळतात. कन्झ्युमेबल्सचं, म्हणजे वापरून टाकायच्या अशा वस्तूंचं, जादा कव्हर काही कंपन्या थोड्या हप्त्यात देतात. आयसीयूत लांबलेल्या आजारात या वस्तूंचा आकडा चांगलाच फुगतो, म्हणून ते कव्हर सुपर टॉप-अपवर मिळत असेल तर घेण्यासारखं आहे.

डिडक्टिबलची रक्कम कोणी भरली याच्याशी बहुतेक पॉलिसींना कर्तव्य नसतं. मूळ विम्याने भरली, मुलाने भरली, मुदतठेव मोडून भरली, सगळं चालतं. त्यामुळे मूळ पॉलिसी नसतानाही सुपर टॉप-अप घेता येतो. पण मग कॅशलेस, म्हणजे कंपनीने थेट रुग्णालयाला पैसे देण्याची सोय, असली तरी सुरुवातीचे पाच लाख रुग्णालय अनामत म्हणून आपल्याकडूनच मागणार. ते पैसे कुठे ठेवायचे याचाही विचार हवा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी पाच लाखांवर तिमाहीला १०,२५० रुपये व्याज येतं, त्यातून हप्ता निघूही शकतो. पण मुदतीआधी ते खातं बंद करायला पोस्टात फेरी, अर्ज आणि दंड. रात्री दोन वाजता भरती झालेल्या पेशंटसाठी ते पैसे नसल्यातच जमा. निदान दोन-तीन लाख तरी फोनवरून मोडता येणाऱ्या बँकेच्या ठेवीत असावेत.

खोलीभाड्याचा सापळा

जुन्या मूळ पॉलिसींमध्ये खोलीभाड्यावर मर्यादा असते, बहुतेकदा विमा रकमेच्या १ टक्का. पाच लाखांच्या पॉलिसीत दिवसाला पाच हजार. त्याहून महाग खोली घेतली, तर फरक फक्त भाड्यापुरता कापला जात नाही. शल्यविशारद, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे खोलीच्या वर्गाशी बांधलेले सगळे खर्च त्याच प्रमाणात कापले जातात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूचा आकार यांना ही प्रमाणशीर कपात लावायची नाही, असा नियम आहे, तोही लक्षात ठेवावा, कारण कपातीच्या पत्रात कधीकधी तेही घुसवलेलं असतं.

आता आकडे घालून पाहू. एकूण बिल सात लाख. आठ दिवस आठ हजारांची खोली, म्हणजे ६४,०००. शल्यविशारद, भूल, थिएटर वगैरे २,९६,०००. औषधं, इम्प्लांट, तपासण्या ३,००,०००. न मिळणाऱ्या वस्तू ४०,०००.

मूळ पॉलिसीच्या पाच हजारांच्या मर्यादेने खोलीचे ४०,००० ग्राह्य. शल्यविशारद वगैरेचे आठाला पाच या प्रमाणात १,८५,०००. औषधं-इम्प्लांटचे तीन लाख पूर्ण. बेरीज ५,२५,०००. विमा रक्कम पाच लाख, तेवढे मिळाले.

सुपर टॉप-अपलाही तशीच पाच हजारांची मर्यादा असेल, तर तिच्या लेखी ग्राह्य खर्च तोच ५,२५,०००. डिडक्टिबल पाच लाख जाऊन २५,००० मिळणार आणि १,७५,००० आपल्या अंगावर. तिला खोलीभाड्याची मर्यादा नसेल, तर तिच्या हिशेबाने ग्राह्य खर्च ६,६०,०००, म्हणून १,६०,००० मिळणार आणि अंगावर पडणार फक्त ते ४०,०००. रुग्णालय तेच, खोली तीच, पेशंट तोच. फरक पडला तो एका ओळीमुळे. या मुद्द्यावर दोन पॉलिसींच्या हप्त्यात हजार-दोन हजारांचा फरक असेल, तर महाग घ्यावी.

निदान ‘सिंगल प्रायव्हेट रूम’ एवढी तरी मुभा हवी. ‘विमा रकमेच्या १ टक्का’ असं कलम सुपर टॉप-अपमध्ये दिसलं, तर ती रक्कम मोठी असल्याने आकडाही मोठा होतो, म्हणजे वीस लाखांवर वीस हजार, आणि मग अडचण राहत नाही. अडचण दिवसाला पाच-सहा हजार असा ठरीव आकडा लिहिलेल्या पॉलिसींची.

दोन पॉलिसींच्या तारखा

हा मुद्दा एजंट क्वचितच सांगतात. डिडक्टिबल मोजायचं वर्ष हे सुपर टॉप-अपचं वर्ष असतं. मूळ पॉलिसी १ एप्रिलला नवी होते आणि सुपर टॉप-अप १ ऑक्टोबरला, असं धरा. सप्टेंबरमध्ये साडेचार लाखांचा क्लेम झाला, नोव्हेंबरमध्ये अडीच लाखांचा. मूळ पॉलिसीच्या दृष्टीने दोन्ही एकाच वर्षात, त्यामुळे ती पाच लाखांवर थांबली. सुपर टॉप-अपच्या दृष्टीने मात्र पहिला क्लेम गेल्या वर्षीचा, दुसरा या वर्षीचा, आणि डिडक्टिबल दोन्हीकडे पार झालं नाही. दोन लाख गेले. उपाय सोपा आहे: सुपर टॉप-अप मूळ पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या तारखेलाच सुरू होईल असा अर्ज करावा. दोन-तीन महिने थांबावं लागलं तरी चालेल, फक्त तेवढ्यासाठी मूळ पॉलिसी मोडू नये.

नवरा-बायकोच्या बाबतीत असाच आणखी एक घोळ होतो. मूळ पॉलिसी दोघांत मिळून पाच लाखांची फ्लोटर, आणि वर प्रत्येकाची वेगळी, पाच लाख डिडक्टिबलची सुपर टॉप-अप. त्याचे तीन लाख झाले, तिचे चार. फ्लोटरने पाच दिले. उरलेले दोन लाख कोणी द्यायचे? त्याची पॉलिसी म्हणते तीनच झालेत, तिची म्हणते चारच. कोणीच देत नाही. मूळ पॉलिसी फ्लोटर असेल तर वरचीही फ्लोटरच हवी. फ्लोटरचा हप्ता दोघांतल्या मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, त्यामुळे वयात आठ-दहा वर्षांचं अंतर असलेल्या जोडप्याला तो महाग पडू शकतो. अशा वेळी आधी मूळ पॉलिसीच वेगवेगळी करता येते का ते पाहावं.

आधीच काही कव्हर असलेले निवृत्त

बँकांतून निवृत्त झालेल्यांची गट पॉलिसी १ नोव्हेंबरला नवी होते आणि तिच्यासोबत सुपर टॉप-अपचे पर्यायही येतात. पर्याय निवडायची खिडकी थोडेच दिवस उघडी असते, आणि एकदा बाहेर पडलेल्याला पुन्हा प्रवेश मिळेलच असं नाही. गट पॉलिसीचा मोठा फायदा म्हणजे जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. तोटा असा की हप्ता आणि अटी दरवर्षी बँका आणि विमा कंपनी ठरवतात, आपल्याशी कोणी करार केलेला नसतो. साठीच्या आसपास तब्येत ठीक असेल, तर गटातलं मूळ कव्हर ठेवून सुपर टॉप-अप स्वतःच्या नावावर बाहेरून घेणं शहाणपणाचं. तिचं तहहयात नूतनीकरण करता येतं. पंचाहत्तरीला मधुमेह आणि स्टेंट असताना बाहेर कोणी दारात उभं करत नाही, तिथे गटातलाच पर्याय बरा.

केंद्र सरकारच्या निवृत्तांना सीजीएचएस ही सरकारी आरोग्य योजना आहे. दरमहा वर्गणीऐवजी दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली की कार्ड तहहयात. वरच्या वेतनस्तराची वर्गणी महिना १,००० रुपये, म्हणजे १,२०,००० एकरकमी. मुंबई, पुणे, नागपूरला राहणाऱ्याने हे घेतलंच पाहिजे. यादीबाहेरच्या रुग्णालयात गेल्यास परतावा सीजीएचएसच्या दरांनी मिळतो आणि ते दर खासगी बिलांच्या खाली असतात. तिथे सुपर टॉप-अप उपयोगी पडतो. दोन्हीकडून मिळून प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त काही मिळणार नाही, हे गृहीतच आहे.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. ही योजना २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. उत्पन्नाची अट नाही, प्रतीक्षा काळ नाही, घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून वर्षाला पाच लाख. खासगी मेडिक्लेम असली तरी कार्ड मिळतं, सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असलेल्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावं लागतं. आधार कार्डावरचं वय धरतात, त्यामुळे आधारवर जन्मतारीख चुकलेली असेल तर ती आधी दुरुस्त करावी. कार्ड फुकट आहे, काढून ठेवावं. पण ही पाच लाखांची मूळ पॉलिसी आहे असं समजून तिच्यावर सुपर टॉप-अपची इमारत बांधू नका. योजनेतले उपचार ठरलेल्या पॅकेजदराने, यादीतल्या रुग्णालयात, सर्वसाधारण वॉर्डात होतात, आणि बिल रुग्णालय आणि योजना यांच्यातच मिटतं. त्यामुळे सुपर टॉप-अपच्या डिडक्टिबलपुढे मांडायला आपल्या हातात बिलच नसतं. ती स्वतंत्र वाट आहे असं धरून चालावं. आपल्या गावाजवळचं रुग्णालय यादीत आहे का, आणि असल्यास कोणत्या विभागासाठी आहे, हे १४५५५ वर विचारता येतं. रुग्णालय यादीत असतं, पण हृदयविकाराचा विभाग नसतो, असा अनुभव लोकांना वारंवार येतो.

वय, जुने आजार आणि अर्ज

१ एप्रिल २०२४ पासून पासष्टीची प्रवेशमर्यादा नियमातून गेली आहे. याचा अर्थ कंपनीला प्रत्येक अर्ज स्वीकारावा लागतो असा नाही. सत्तरीपुढे वैद्यकीय तपासणी मागतात, हप्त्यावर लोडिंग, म्हणजे जादा आकार, चढवतात किंवा सरळ नकार देतात. म्हणून सुपर टॉप-अप घ्यायची उत्तम वेळ निवृत्तीनंतरची नसून सत्तावन्न-अठ्ठावन्नची आहे. आधीच्या आजारांचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. नोकरीतली गट पॉलिसी चालू असतानाच ती तीन वर्षं सरून जातात आणि साठीला प्रतीक्षा काळ संपलेलं कव्हर हाती येतं. गुडघेबदल, हर्निया, मोतीबिंदू, प्रोस्टेट यांना आजार आधी नसला तरी वेगळा प्रतीक्षा काळ असतो, साधारण दोन वर्षांचा. पुढच्या हिवाळ्यात गुडघे करायचे म्हणून या उन्हाळ्यात पॉलिसी काढण्यात अर्थ नाही.

अर्जात काहीही लपवू नये, आणि ‘सगळं नाही-नाही भरून टाकतो’ म्हणणाऱ्या एजंटच्या हाती अर्ज देऊ नये. बीपीची एक गोळी, दहा वर्षांपूर्वीची ॲंजिओग्राफी, थायरॉइड, सगळं लिहावं. क्लेमच्या वेळी रुग्णालयाच्या केसपेपरवर डॉक्टर ‘१२ वर्षांपासून मधुमेह’ असं लिहितात आणि तो कागद थेट टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम पाहणाऱ्या संस्थेकडे, जातो. कधीकधी नातेवाईक घाईत ‘असेल दहा-बारा वर्षं’ असं सांगून टाकतात आणि खरी आठ वर्षं असलेला आजार पॉलिसीच्या आधीचा ठरतो. भरतीच्या वेळी इतिहास सांगणाऱ्या माणसाला नेमकं वर्ष माहीत असलं पाहिजे. पॉलिसी सलग ६० महिने चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. मात्र ही पाच वर्षं सलग हवीत. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मिळते, तिने सलगपणा टिकतो, पण त्या तीस दिवसांत भरती झाल्यास कव्हर नसतं.

क्लेमच्या वेळी

इथे दोन कंपन्या, बहुधा दोन टीपीए, आणि रुग्णालयाचा विमा कक्ष एकच. क्रम असा ठेवावा. भरती होताच दोन्ही कंपन्यांना कळवायचं, बिल लहान वाटत असलं तरी. ॲंजिओग्राफीसाठी आत गेलेला माणूस बायपास होऊन बाहेर येतो आणि मग पाचव्या दिवशी वरच्या कंपनीची आठवण होते. तातडीच्या भरतीत साधारण २४ तासांत आणि ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत दोन-तीन दिवस आधी कळवण्याची अट असते. कळवल्याचा क्रमांक लिहून ठेवावा.

पहिली कॅशलेस मंजुरी मूळ कंपनीकडून घ्यावी. ती संपत आली की तिच्या मंजुरीपत्राची प्रत जोडून रुग्णालय सुपर टॉप-अपच्या कंपनीकडे दुसरी मागणी पाठवतं. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे, तसंच पहिल्या कंपनीने उरलेल्या रकमेसाठी दुसरीशी समन्वय साधायचा आहे. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात विमा कक्षातला माणूस ‘दोन पॉलिसी एकत्र कॅशलेस होत नाहीत, वरचे पैसे भरा आणि मागून घ्या’ म्हणतो. होतात. त्याला मूळ कंपनीचं मंजुरीपत्र आणि दुसरं कार्ड समोर ठेवून लेखी नकार मागितला की बहुधा मागणी पुढे जाते. दोन्ही पॉलिसी एकाच कंपनीच्या असतील तर हा त्रास निम्मा होतो, आणि फार फरक नसेल तेव्हा एकाच कंपनीला झुकतं माप द्यायला हे कारण पुरेसं आहे.

परतावा घ्यायचीच वेळ आली, तर अस्सल कागद मूळ पॉलिसीच्या कंपनीकडे जातात. म्हणून ते देण्याआधी डिस्चार्ज कार्ड, सविस्तर बिल, औषधांची बिलं, तपासण्यांचे अहवाल, इम्प्लांटचे स्टिकर या सगळ्यांच्या प्रतींवर रुग्णालयाचा शिक्का घेऊन एक संच करून ठेवायचा. वरच्या कंपनीला तो संच आणि मूळ कंपनीचं क्लेम सेटलमेंट पत्र द्यावं लागतं. त्या पत्रात कशाचे किती कापले याचा तपशील हवा, नुसती ‘पाच लाख अदा’ ही ओळ चालत नाही. ते पत्र यायला वेळ लागतो आणि वरच्या कंपनीची कागद देण्याची मुदत मात्र डिस्चार्जपासून मोजली जाते. म्हणून पत्र आलं नसलं तरी अर्ज मुदतीत टाकावा आणि ‘पत्र मागाहून देत आहोत’ असं त्यावर लिहावं.

क्लेम चुकीचा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जायचं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्याला कार्यालयं आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत जावं लागतं. खोलीभाड्याच्या प्रमाणशीर कपातीत औषधं-इम्प्लांट कापल्याची तक्रार तिथे आकड्यांनिशी मांडता येते.

हप्ता

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. वीस हजारांच्या हप्त्याला पूर्वी २३,६०० द्यावे लागत, आता वीसच. गट पॉलिसीला ही सवलत नाही, त्यामुळे गटातली आणि बाहेरची सुपर टॉप-अप यांची तुलना आता नव्याने करावी. जानेवारी २०२५ पासून साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावं लागतं. दहा टक्केही काही कमी नाहीत. तेवढी वाढ दरवर्षी झाली तर हप्ता साडेसात वर्षांत दुप्पट होतो. म्हणून आजचा हप्ता विचारून थांबू नका. ६६, ७१, ७६ आणि ८१ या वयांचे आजच्या तक्त्यातले हप्ते मागा. दोन कंपन्यांचे आजचे हप्ते सारखे असले तरी ७६ च्या ओळीत खूप फरक दिसू शकतो. एजंट तक्ता द्यायला कुरकुरला तरी तो कंपनीच्या माहितीपुस्तिकेत असतो.

जुन्या करप्रणालीत ज्येष्ठांना विम्याच्या हप्त्यावर ५०,००० पर्यंत वजावट मिळते, हप्ता रोखीने भरला नसेल तर. नव्या प्रणालीत ती नाही. करासाठी पॉलिसी घेण्याचे दिवस संपले, असं म्हणायला हरकत नाही.

को-पे, म्हणजे प्रत्येक क्लेममधला आपण भरायचा ठरीव टक्का, हा शब्द दिसला की थांबावं. ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पॉलिसींमध्ये वीस-तीस टक्के को-पे सर्रास असतो. मूळ पॉलिसीत तो एक वेळ सोसता येतो. सुपर टॉप-अपमध्ये दहा लाखांच्या क्लेमवर वीस टक्के म्हणजे दोन लाख, ज्यासाठी पॉलिसी घेतली तेच निसटतं. हॉस्पिटल कॅश, म्हणजे दिवसाला ठरीव रक्कम देणारी पॉलिसी, सोबतच्या माणसाच्या जेवणाखाण्याला पुरते, तिला पूरक विमा म्हणू नये. मुलांकडे अमेरिकेत किंवा आखातात सहा महिने जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं, की इथली बहुतेक सुपर टॉप-अप परदेशातला उपचार देत नाही. प्रवासी विमा वेगळा घ्यावाच लागतो, आणि परदेशात असताना इथल्या दोन्ही पॉलिसींचे हप्ते चुकू द्यायचे नाहीत.

पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवस ती परत करता येते. तेवढ्यात पीडीएफमध्ये पाहायचं: जन्मतारीख, अर्जात लिहिलेले आजार जसेच्या तसे आले आहेत का, डिडक्टिबलची रक्कम आणि त्यापुढे ‘ॲग्रिगेट’, फ्लोटर की वैयक्तिक, सुरू होण्याची तारीख मूळ पॉलिसीशी जुळते का. सांगितलेला मधुमेह छापील पॉलिसीत नसेल, तर बरंच झालं म्हणून गप्प बसू नका. कंपनीला ईमेल करून दुरुस्ती मागा आणि उत्तर जपून ठेवा. दुरुस्ती होत नसेल तर मुदतीत पॉलिसी परत करा. तपासणीचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि गेलेल्या दिवसांचा हप्ता कापून बाकीचे पैसे खात्यात येतात.